एका रंगाची वाकळ

आता हसू नका, पावणं! पाय पोटाशी घेऊन झोपतो म्हणून सगळं हॉस्टेल मला हसतंय, त्यात तुमची भर नको... तुम्हास्नी सांगतो, ह्याला कारण आमचा रूम-पार्टनर, बेळगावचा नृसिंह. त्यानं कुठल्यातरी मासिकात बंगल्याचा फोटो बघितला आणि लागला की माझ्या मागं, "खोली कशी, एका रंगात पायजे!"

रंग कुठला? निळा. का? तर त्याच्याकडं निळी चादर हाय म्हणून! मग पडदा निळा, बादली निळी, टेबलाला निळा ऑइलपेंट, त्यो आठ दिवस वाळंना, माझं जर्नल त्याला चिकटलं ते चिकटलंच, स्टोव्हलाबी त्योच रंग दिला, पेटवला तर खोलीत बसवंना... आणि एवढं करून ह्यो माझ्या कॉटकडं बघून नाक मुरडतोय. कारण कॉटवर माझी वाकळ! आईनं गावाकडं कोडोलीत बसून हातानं शिवलेली. आक्काचा हिरवा परकर, माझी शाळेची खाकी चड्डी, चुलत्याचं धोतर, आणि उशाकडच्या अंगाला अण्णांचा लाल पटका. अण्णा म्हंजे माझे वडील, ते गेले त्याच वर्षी शिवलेली. आईनं बजावलंतं, "पटका उशाला घे. बापाच्या पटक्याला पाय लावू नगंस."

हे सांगायला पायजे होतं की नृसिंहला! पर मला लाज वाटली हो. कशाची, आईच्या शिवणाची? व्हय, तिचीच, आता खोटं कशाला बोलू? खोली कशी, एका रंगात पायजे!

उचलली वाकळ, गेलो मंगळवार पेठेत लालासाब रंगाऱ्याकडं. म्हाताऱ्यानं हात फिरवून इचारलं, वाकळ कोण रंगवतंय का बाळ? म्हटलं, रंगवा. सगळी निळी झाली, पटका तेवढा लाल डोकावत ऱ्हायला. लालासाब म्हणाला, ह्यो ऐकत न्हाय, ऱ्हाऊ दे. आणि मी काय म्हणावं? "परत बुडवा!" दोनदा बुडवला, तवा कुठं गप झाला.

दिवाळीआधी आई आली एस.टी.नं, भाकरी आणि खर्डा घेऊन. पडदा बघितला, बादली बघितली, कॉटवर बसली... आणि वाकळंवर बोटं फिरवायला लागली. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात. खिडकीच्या उजेडात धरली, उलटी करून बघितली. मला वाटलं, आता पायताण काढंल. काढायला पायजे होतं हो! तर म्हणाली, "बरं केलंस. मळ दिसायचा न्हाय." एवढंच. आणि भाकरीचं गठुडं सोडून मला वाढायला लागली.

ती गेल्यावर मीबी लई हुडकलं. उशाकडची बाजू कुठली, पायाकडची कुठली, काय म्हंजे काय कळंना. हिकडं पाय केलं तर वाटतंय अण्णा हिकडंच असतील, तिकडं केलं तर तिकडं... नृसिंहचं काय, त्यो तंगड्या पसरून घोरतोय. मी आपला पाय पोटाशी घेऊन मधी पडतोय.

हसा आता. खोली तेवढी झालीया बघा एका रंगात.