सावडीतला फोटो

माझ्या प्रदर्शनातला तो गाजलेला फोटो आठवतोय ना? त्यामागचं खरं आज सांगूनच टाकतो. कामशेतजवळ भातलावणीचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढत मी सकाळपासून बांधावर उभा होतो. दुपारी शेताची मालकीण, सखूमावशी, म्हणाली, "आमच्यात सावड असती. आज तुमी माज्या शेतात राबायचं, उद्या मी तुमच्या. सकाळपासनं आमी तुमच्या फोटोसाठी वाकलोय. आता उतरा चिखलात."

उतरलो. वीस मिनिटांत कंबरड्याची वाट लागली, तोंडभर चिखल. तेवढ्यात तिच्या सुनेनं माझाच कॅमेरा उचलून माझा फोटो काढला.

तळेगावच्या प्रदर्शनात गंमत म्हणून तोही लावला. तर एक बडे समीक्षक नेमके त्याच्यापुढेच थांबले. "काय चेहरा आहे! या शेतकऱ्यानं पिढ्यान्पिढ्या कष्ट उपसलेत, पण तो खचलेला नाही."

मी नम्रपणे मान डोलावली. एवढं कौतुक चालू असताना कोण तोंड उघडेल? पण मी हौसेनं बोलावलेली मावशी शेजारीच उभी होती.

"व्हय," ती म्हणाली, "आन् त्यानं लावलेलं समदं भात दुसऱ्या दिवशी आमाला उपटून परत लावाय लागलं."