बारा नंबरची खाट

आमच्या लाइनला आता लई स्कोप हाय म्हणता, ते खरंय. जालन्यात दवाखाने वाढले, अन् झाडपुसीचे ठेके आमच्या कंपनीला मिळत राह्यले. मी सुपरवायझर. नियम एकच: खाट रिकामी झाली की वीस मिनिटांत तयार करायची अन् ग्रुपवर फोटो टाकायचा. मी अंगठा दिला की काम मंजूर.

मागं अंबडच्या एका नव्या दवाखान्याचे डॉक्टर आल्ते. आमच्या कंपनीच्या साहेबांनी त्यांना मोबाइलवर बारा नंबरच्या खाटेचा फोटो दाखवला. चादरीला एक सुरकुती न्हाई.

"सात मिनिटांत केली," साहेब म्हणाले. ठेका मिळाला.

ती खाट केदारखेड्याच्या गयामावशीनं केल्ती. नवरा वारला म्हणून ती गावी गेल्ती, तेराव्यानंतर नुकतीच कामावर आल्ती. फडकं पिळून राह्यली होती.

म्हणलं, "मावशी, तुमच्या फोटोवर ठेका मिळाला. इतक्या जल्दी कशी केली ती खाट?"

"आमचे मालक त्याच खाटेवर गेले."

मी म्हणलं, "मंग सांगायचं न्हाई का? दुसऱ्या कुणाला लावलं असतं."

"म्हणूनच न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "त्यांच्या अंगाखालची चादर दुसऱ्या कुणी ओढू नये वाटलं."

मी बाहेर येऊन ग्रुप उघडला. फोटोखाली माझा अंगठा होता. त्याच्याखाली मीच लिहिलं होतं, "आता तेरा नंबर घ्या."