चौसष्ट कंद

नाही, नाही — आमच्या बागेतून नाही गेला तो रोग, डेनिस, आणि ती पिशवी आधी टेबलाखाली ठेव बघू. आमचा म्हातारा, ऑर्व्हिल, तिकडं शेवटच्या रांगेत आहे, कळ्या खुडतोय, उरकलं की सरळ इकडंच येईल. बस. त्या खुर्चीत नको, ती त्याची. केक कापू का थोडा? रासबेरीचा आहे, सकाळीच केलाय — बरं, नको तर नको! डेलिया मंडळाचे सेक्रेटरी झालात, आता आमच्या घरचं खायचंही नाही वाटतं. अरे, तुझ्या लग्नात टेबलावरची फुलं कुठली होती? याच बागेतली. पहाटे चारला उठून बादल्या भरल्या होत्या आम्ही. म्हणे आमच्या बागेतून गेला! पन्नास वर्षं लावतोय आम्ही डेलिया, आजवर एक पान पिवळं निघालं असेल तर शपथ.

सात बागा? गेल्या आठवड्यात फोनवर चार म्हणाला होतास. — म्हणजे मार्जरीचीही? अख्खी रांग? अरे देवा. हो, ठाऊक आहे मला गाठ कशी दिसते, तू नको सांगूस. देठाच्या बुडाशी फ्लॉवरचा गड्डा फुटल्यासारखं, आणि त्यातून बारीक बारीक कोंब, पन्नास-शंभर, एकाला धड उंची नाही, फूल तर नाहीच. पण ती काय आमच्याकडूनच यायला हवी? हल्ली लोक दुकानातून पाकिटातले कंद आणतात, समुद्रापलीकडचे, कुणी कापले, कसे कापले, कोण बघायला जातं? त्या नव्या जोडप्याला विचारलंस, तळ्याकाठच्या? त्यांच्याकडे ढिगानं पाकिटं असतात. त्यांना विचार आधी. मग ये म्हाताऱ्यांच्या दारात.

काय काढतोस? — हळू, कागद वाजतो. दिसतंय मला, कंदावर नंबर लिहिलाय. सत्त्याहत्तर. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ, हो, आमच्या घरात सात असाच काढतात, त्याच्या बापानं नॉर्वेहून आणलेली खोड. हे सत्त्याहत्तर नंबरचं रोप ऑर्व्हिलचंच, कोण नाही म्हणतंय! त्यानं बी धरलं, त्यानं वाढवलं, सहा वर्षं झाली, जेवणाच्या ताटाएवढं फूल, पिकलेल्या पीचचा रंग, पाकळी अशी मागे देठापर्यंत वळते की परीक्षकाला बोट ठेवायला जागा नाही. सप्टेंबरच्या प्रदर्शनात त्या फुलाला नाव मिळायचंय. म्हणून तर त्यानं एप्रिलच्या विक्रीत सगळ्यांना एकेक कंद दिला, पैसे न घेता, की चौसष्ट बागांमधून चौसष्ट फुलं एका टेबलावर यावीत. आता त्यातल्या एकाला गाठ आली — सगळ्यांना? साती बागांत हेच? शेजारच्या रोपांनाही?

थांब. जरा पाणी पिऊ दे मला.

मंगळवारी सभा आहे, म्हणजे तू नाव वाचणार. नियमच आहे तो. आणि नियम केला कुणी, तेही ठाऊक आहे ना तुला? ऑर्व्हिलनं. रे लुंडीननं रोगट कंद वाटले होते त्या वर्षी — हाच उठला भर सभेत, आणि म्हणाला, वाटणाऱ्याचं नाव वाचा आणि त्याची अख्खी बाग उपटा, एक मूळ ठेवू नका. लुंडीन बिचारा सांगत होता, मला दिसलंच नाही हो, माती लागली होती, मला दिसलं नाही. त्यावर आमचे महाराज म्हणाले, ज्याला दिसत नाही त्यानं वाटू नये. सगळ्या हॉलसमोर! लुंडीननं बाग उपटली, पुढच्या वर्षी घर विकलं, ॲरिझोनात जाऊन निवडुंग लावतो म्हणे. मी तेव्हा ऑर्व्हिलशी तीन दिवस बोलले नव्हते. पण तो चुकला नव्हता, हेही खरं. तो चुकत नाही, हाच तर त्याच्यासोबत राहण्यातला ताप आहे.

आणि आता बघ त्याच्याकडे. डावा डोळा गेलाच, उजव्याला मधोमध काळा डाग आहे, कडेकडेनं दिसतं तेवढंच. कळ्या बोटांनी चाचपून खुडतो. बाजूच्या दोन काढायच्या, मधली ठेवायची — अजून एकदाही चुकून मधली तोडलेली नाही. पण मंडळात कुणाला सांगितलेलं नाही आम्ही. तूही सांगू नकोस. सांगितलं तर लोक कीव करायला येतील, आणि त्याला कीव म्हणजे विष. तेव्हा त्याला ती गाठ दिसली नाही, डेनिस, एवढंच घडलं. म्हातारा माणूस, आंधळा, कंद कापताना गाठ दिसली नाही. कुणाला दिसली असती? आणि त्या कंदावर हा एवढासा नंबर त्याला लिहिता तरी येईल का आता, पेन्सिलीचं टोक सापडत नाही त्याला, म्हणून मीच लिहिले सगळे, चौसष्टच्या चौसष्ट, त्याच्यासारखाच सात काढून, कुणाला संशय नको म्हणून —

असं बघू नकोस माझ्याकडे.

हो. हो, माझ्या हातातून गेले. प्रत्येक कंद. कंद कापायच्या पहिल्याच गड्ड्यावर गाठ दिसली होती मला, वाटाण्याएवढी. मी म्हणणारच होते. तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात त्यानं त्या गाठीवरून बोट फिरवलं आणि काय हसला — व्हर्ना, म्हणाला, कोंब बघ किती धरलेत, असं वर्ष मी जन्मात पाहिलं नाही! हिवाळाभर हा माणूस खिडकीशी तोंड करून बसला होता. जेवायला हाक मारली तर उठायचा, नाहीतर नाही. आणि त्या दिवशी शेडमध्ये शीळ घालत होता. तू सांगितलं असतंस? खरं सांग. ते कोंब नाहीत रे, तो रोग आहे, असं म्हणाला असतास त्याला? — अरे, मला वाटलं एकच तर गड्डा आहे, हळूच बाजूला टाकीन. टाकलाही मी तो. शपथेवर सांगते, त्या गड्ड्यातला एकही कंद विक्रीला गेला नाही, चुलीत घातले मी सगळे.

मग बाकीच्यांना कशी लागली? सुरीनं. आणखी कशानं लागणार! — सुरी बुडवत होता तो. माझ्या नवऱ्यावर ते घालू नकोस. रोग मरावा म्हणून दर कापाला डब्यात बुडवत होता, मनात दहा आकडे मोजून, जसं तुम्हा सगळ्यांना पन्नास वर्षं शिकवलं तसं. डबा त्याच्या उजव्या हाताशी होता. तो कधी चुकला नाही, सांगितलं ना तुला.

डब्यात ब्लीच नव्हतं.

पाणी होतं. मी भरलं होतं. आदल्या दिवशी त्यानं सुरी अशी झटकली की ब्लीचचा थेंब उडाला त्या उरल्यासुरल्या डोळ्यात. ओरडला काय, डेनिस! नळाखाली डोकं धरून मी त्याचा डोळा धूत होते आणि मनात म्हणत होते, गेला, हाही गेला, आता रांगेतसुद्धा नाही जाता येणार त्याला. दुसऱ्या दिवशी डबा भरताना माझ्याच्यानं ब्लीचला हात लावला गेला नाही. नाक तर त्याचं कधीचंच गेलंय, वास येत नाही. म्हटलं, स्वच्छ बाग आहे आपली, एका दिवसानं काय होणार? त्या पाण्यात सुरी बुडवून बुडवून त्यानं गड्डे कापले, आणि मी शेजारी बसून नंबर लिहीत होते. गाठ पाहूनही. गड्डा बाजूला टाकला, पण पाणी बदललं नाही, सुरी पुसली नाही — कशी पुसणार? का, असं विचारलं असतं त्यानं.

म्हणून म्हणते, मंगळवारी माझं नाव वाच. व्हर्ना हॉगन. कीव म्हणून नव्हे, खरंच आहे ते. आणि बाग उपटायची ती प्रदर्शन झाल्यावर उपट, सहा आठवडे दे मला, डेनिस, तोवर मी सांभाळते, एक पान कुंपणाबाहेर जाऊ देणार नाही. सहा आठवड्यांनी काय बिघडणार आहे? — काय? मार्जरी रडत होती? अरे, पण मार्जरीला पुढच्या वर्षीही दिसणारच आहे रे! याला नाही. याचं हे शेवटचं फूल आहे, डॉक्टर स्पष्ट बोललाय. हो म्हण. नुसता टोपी काय फिरवत बसलायस हातात?

शू! आला. पिशवी पायानं आत सरकव. — ये रे, ये, पायरीवर जपून! हा डेनिस आलाय, सहज, प्रदर्शनाच्या टेबलांचं विचारायला. हातात काय आणलंस? कुंडी? — डेनिसच्या बायकोला? सत्त्याहत्तरचंच? वा. — घे, डेनिस, थँक्यू म्हण, हसून घे, आणि घरी पोचलास की कुंडीसकट — हो ऑर्व्हिल, ऐकतेय मी. बुडाशी भरपूर कोंब आहेत म्हणतोस. अजून अशा बारा करून ठेवल्यास? रविवारी चर्चमध्ये वाटायला? सगळ्यांना?

डेनिस, हात मागे घे. नको घेऊस ती.

ऑर्व्हिल, ती कुंडी खाली ठेव. तिथंच, पायरीवर. काही झालं नाही, तू बस आधी. ही तुझी खुर्ची, इथं, माझ्याजवळ बस. तुझा हात दे. — तू ऊठ, डेनिस. नाही, तू नाही सांगायचंस, मीच सांगणार. पिशवी राहू दे इथंच, त्यातली गाठ त्याच्या हाताला लागली पाहिजे. जा तू आता. फाटक ओढून घे. जा म्हणते ना!