ठेंगणा बैल

तिवस्याच्या गाडीला अवकाश होता. अमरावतीच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. तान्ह्या पोळ्याला नातीनं ओढायचा चाकांचा लाकडी बैल म्हाताऱ्याच्या मांडीवर होता.

“बैलाचे पाय कापले कावून? चांगला उंच होता.”

“उंच होता म्हणूनच वळणावर पडे.”

“हळू वळवायचा मंग.”

“आपली चारू लंगडत चालते. दोरीले पावलापावलाले झटका बसते. काल मी बी तसाच लंगडत अंगणात ओढून पाह्यला.”

“तुमी? सारी गल्ली पाहत असन.”

“पाहू दे. पाय आखूड केले, चाकं दूर दूर लावली, पोटाखाली लोखंड ठोकलं. मंग नाही पडला.”

“ठेंगणा दिसते पण. पोरं हासतीन तिले.”

“मांगच्या पोळ्याले बैल पडला, तं दोरी तिथंच टाकून घरी आली होती पोरगी.”

“आना इकडे.”

“कावून?”

“बैल ठेंगणा केला आन् दोरी तेवढीच ठेवली. लुगड्याचा काठ जोडून लांब करते. खाली वाकलं का तोल जाते तिचा.”