जानेवारीतला नमुना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे वरिष्ठ माननीय मोकलसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि कामाचा दिवस असूनही पेण-रोह्याहून आलेले माझे सगळे स्नेही,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, कौतुकही भरपूर झालं. आमची भूमिका तर म्हणाली, म्हात्रेबाई म्हणजे प्रयोगशाळेची आई. पोरी, तुझी आभारी आहे. पण गेली अडीच वर्षं या आईबरोबर चहाला कोणी बसत नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे. तक्रार म्हणून नाही सांगत. निरोपाच्या दिवशी नुसतं गोड ऐकून घरी जाणं मला जमणार नाही, एवढंच. साहेब, पाच मिनिटं जास्त घेते.

रोह्याच्या पलीकडे डोंगरात उंबरमाळ नावाची कातकऱ्यांची वाडी आहे. तीसेक घरं. वरच्या पठारावर बॉक्साइटची खाण. पावसात खाणीची तांबडी माती उतरून वाडीच्या वहाळात येते, आणि वाडी त्या वहाळाचंच पाणी पिते. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका तक्रारीवरून तिथला नमुना माझ्या टेबलावर आला. उजेडात धरला तर पलीकडची खिडकी दिसेना. पाणी पिण्यालायक नाही, असा अहवाल मी लिहिला. प्रकरण सुनावणीला लागलं.

आणि मग तडजोड झाली. खाणवाल्यांनी उन्हाळ्यात टँकर द्यायचा, एक समाजमंदिर बांधायचं, आणि तक्रार मिटवायची. गाळ अडवायला तळं बांधा, मातीचे ढीग हलवा, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. पाणी सुधारल्याचा पुरावा म्हणून जोडला होता जानेवारीतला नमुना. अहो, जानेवारीत कुठला वहाळ गढूळ असतो?

तो नमुनाही मीच तपासला. आकडे खरे होते, म्हणून सही केली. आणि त्याच दुपारी दुसऱ्या कागदावर हरकत लिहिली, की पावसाळ्यातलं पाणी तपासल्याशिवाय ही तडजोड मंजूर करू नये.

मोकलसाहेब तेव्हा म्हणाले होते, "नमिताबाई, गावाला मान्य, कंपनीला मान्य. तुम्हाला एकटीला काय पडलंय?" साहेब, संकोच करू नका. तुम्ही रागावलात, पण कागद अडवला नाहीत. तुमच्याच शिक्क्याने तो पुढे गेला, हेही आज सांगायला हवं.

माझा सख्खा भाऊ प्रदीप त्याच खाणीत डंपर चालवतो. तो घरी आला, उभ्याउभ्याच बोलला. "तायडे, तुजी नोकरी सरकारी हाय. खाण बंद झाली तर आमी कुठं जायचा?" मी म्हटलं, खाण बंद करा असं मी लिहिलंच नाही. त्याने ऐकून घेतलं नाही. त्या वर्षीच्या दिवाळीपासून भाऊबीजेला मी ताट मांडते आणि संध्याकाळी उचलून ठेवते. आजही बोलावलं होतं.

मार्चमध्ये रोह्याला सुनावणी झाली. एका बाजूला खाणीचे वकील, गावकरी, त्यांच्यात प्रदीप. दुसऱ्या बाजूच्या बाकावर मी. अधिकारी म्हणाले, "बाई, ज्यांचं पाणी त्यांचीच संमती आहे. हे बघा अंगठे."

तेवढ्यात मागून वाडीतली ठमी वाघमारे उठली. आवाज चढवला नाही तिने.

"अंगठा माजाच हाय. टँकर येल बोलले, म्हणून दिला. वहाळ तांबडा ऱ्हाऊ दे, असा मी नाय बोलली."

तडजोड फेटाळली गेली नाही. समाजमंदिर झालं, फीतही कापली. फक्त दोन अटी वाढल्या. गाळ अडवणारं तळं बांधायचं, आणि तीन वर्षं जुलैमध्ये पाणी तपासायचं. पहिल्या जुलैत तळंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी होतं, ते फुटलं. यंदा पाणी मर्यादेत आलं. जेमतेम, पण आलं.

लोक म्हणतात, बाई जिंकली. पण सुनावणीनंतर बाहेर काय झालं, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. ठमी माझ्याजवळ आली.

"बाय, पानी खराब हाय, ह्या तुला कवापासून ठावा होता?"

"ऑगस्टपासून," मी म्हटलं.

तिने पदर सावरला आणि चालायला लागली. ऑगस्ट ते मार्च, सात महिने. माझा अहवाल नियमाप्रमाणे वर गेला होता, फाइलला लागला होता. पिणाऱ्यांना सांगायला मात्र कोणी गेलं नव्हतं. मीही नाही. त्या सात महिन्यांत तिची धाकटी मुलगी राणी दोनदा दवाखान्यात होती, हे मला फार उशिरा कळलं.

असो. तुम्ही सगळे आलात, सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कोणी दुखावलं असेल तर उदार मनाने पोटात घाला. हरकतीमुळे ज्यांना त्रास झाला, त्यांचीही क्षमा मागते. हरकत मात्र मागे घेत नाही.

एक क्षमा उरते, ती या सभागृहात मागून भागणार नाही. तिन्ही वर्षं जुलैमध्ये मी उंबरमाळला गेले, वहाळावर वाकून बाटली भरली आणि तशीच परत फिरले. ठमीचं घर तिथून शंभर पावलांवर आहे. उद्या सकाळच्या एसटीने जाणार आहे. बाटली नेणार नाही.

नमस्कार.