पाहुण्याला बसवलं कुणी

(दुपार. शेळ्या पाळणाऱ्या भटक्या कुटुंबांच्या खोऱ्यात, शेळीच्या केसांच्या काळ्या तंबूत म्हातारी नुवैर आणि तिची सून फिद्दा, जी तिच्या दिराचीच मुलगी.)

नुवैर : तुझ्या नवऱ्याची जीभ गळून पडली का गं फिद्दा? सकाळी चुलत्यांच्या बैठकीतनं आला आणि वाऱ्यावर बोलल्यासारखं बोलून गेला, उद्या उजाडता निघायचं. विचारलं नाही, बसला नाही. हा तंबू कुणाचा? याची पट्टी न् पट्टी मी विणलीय. माझा तंबू कधी उतरवायचा ते आता बाप्ये ठरवणार.

फिद्दा : त्यांनी ठरवलं नाही, काकू. त्यांच्याकडून वदवून घेतलं.

नुवैर : कुणी? तुझ्या बापानं?

फिद्दा : बाबांनीच. आई पडद्याआडून ऐकत होती.

नुवैर : तुझ्या आईचे कान दुसऱ्याच्या वाईटापुरतेच उघडतात. बोल, काय ऐकलं तिनं?

फिद्दा : बाबा म्हणाले, टेकडीवरच्या त्या माणसाला आपल्या खोऱ्याची ओळख कुणी करून दिली? मागच्या हिवाळ्यातल्या पावसात डझनभर मेंढ्या घेऊन भिजत आला आणि तुमच्याकडे तीन दिवस जेवला. झरा कुठे, करडं कुठे बांधतात, पुरुष बाजाराला कोणत्या वारी जातात, बसल्या बसल्या सगळं बघून गेला. मग झऱ्यावर त्याचा गोठा आला. मग कुंपण. मग त्याचे बंदूकवाले सोबती. परवा आपल्या चाळीस शेळ्या हाकून नेल्या, आणि सैनिक शेजारी उभे राहून बघत होते.

नुवैर : भिजलेल्या माणसाला नाव-गाव विचारायचं असतं? पाहुण्याला तीन दिवस आपल्यात कुणी विचारतं? तुझ्या आजोबानं तरी कधी विचारलं होतं?

फिद्दा : मी कुठे म्हणते, काकू? बैठकीत एवढंच विचारलं, त्याला बसवलं कुणी.

नुवैर : मग?

फिद्दा : हे म्हणाले, मी बसवलं. कॉफी मी ओतली, चूक माझी. मग सगळे म्हणाले, त्या लोकांना झऱ्याजवळची तुमचीच जागा हवीय. तुम्ही उठलात तर बाकीच्यांना चार दिवस मिळतील. यांनी मान हलवली.

नुवैर : अगं, तो त्या दिवशी बाजाराला गेला होता. परत आला तोवर पाहुणा जेवून आडवा झाला होता.

फिद्दा : मला माहीत आहे. तुम्ही त्याला आत बोलावलंत आणि मी भाकरी भाजली.

नुवैर : आणि माहीत असून गप्प बसलीस?

फिद्दा : यांनी मला शपथ घातलीय. म्हणाले, आईचं नाव त्या बैठकीत निघता कामा नये.

नुवैर : जायचं कुठं?

फिद्दा : तुमच्या जावयाच्या अंगणात, गावाबाहेर. तिथं वीसच शेळ्या मावतील. बाकीच्या विकायच्या.

नुवैर : जावयाच्या दारात. म्हणजे लेकीची सासू रोज आमची भाकरी मोजणार.

फिद्दा : तुम्ही नाही म्हणालात तर हे थांबतील, काकू. कालपर्यंत मलाही वाटत होतं, तुम्ही नाहीच म्हणावं. पण आपली सबहा... पाच वर्षांची पोर, आठ दिवस झाले, जोडे काढून झोपत नाही. म्हणते, ते आले तर पळता आलं पाहिजे.

नुवैर : मला का नाही सांगितलंस?

फिद्दा : तुम्ही निघायचं नावच काढू देत नव्हतात ना.

नुवैर : बोलाव त्याला. (फिद्दा नवऱ्याला, नहारला, घेऊन येते.)

नहार : आई, तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे.

नुवैर : तुला काही ठाऊक नाही. थोरांसमोर खोटं बोललास?

नहार : त्यांनी तुला बोल लावला असता. तू मरेपर्यंत लावला असता. मला लावू देत.

नुवैर : आणि शेळ्या? तुझ्या बापानं ज्यांच्यासाठी अर्धं आयुष्य उन्हात काढलं, त्या विकायच्या?

नहार : हो.

नुवैर : बस इथं. ऐक आता. आधी चुलत्यांकडे जायचं आणि खरं सांगायचं. बसवलं आईनं. उद्या दुसरा कुणी भिजत आला, तर त्यालाही बसवेल म्हणावं. आमचं मीठ खाऊन कुणी आमच्यावर उलटला तर ते त्याचं पाप. मग पोरीला घेऊन निघू, तंबू मी उतरवीन. पण तू मान खाली घालून चालायचं नाहीस, नहार. या खोऱ्यात तू कुणाचं काही बिघडवलेलं नाहीस.