तिसऱ्या ओळीची साक्ष

शालिनीवहिनी, मृणाल, रायफल क्लबातली मंडळी आणि सोसायटीतले सगळे शेजारी,

इतकी माणसं आली आहेत की पार्किंगमधून खुर्च्या आणाव्या लागल्या. प्रभाकरराव गायधनी असते, तर त्यांनी आधी प्रत्येक खुर्चीचे पाय हलवून पाहिले असते आणि मगच तुम्हाला बसू दिलं असतं. मी उभा राहिलोय खरा, पण समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून. पंचवीस वर्षं बातमीदारी केली. कितीतरी शोकसभांचे वृत्तान्त लिहिले. 'वक्त्यांना गहिवरून आले' हे वाक्य किती स्वस्तात लिहीत होतो, ते आज कळलं.

आठवणी सांगून खाली बसावं, असं ठरवून आलो होतो. पण दहा मिनिटांपूर्वी मृणालने जाहीर केलं, की सरांनी हाताने भरलेली शेवटची पन्नास काडतुसं रविवारी रेंजवर झाडायची आणि त्यांना मानवंदना द्यायची. पहिली गोळी ती स्वतः झाडणार. तुम्ही माना डोलावल्यात. वहिनींनी डोळे पुसले. आणि मी मागच्या रांगेत घामाघूम झालो.

मंडळी, मला त्या काडतुसांच्या डब्याचा संशय आहे.

थांबा. रागावू नका. संशय कशाचा, ते सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत निनावी फोन आला. 'इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ घरी गोळ्या बनवतात. रोज दुपारी खटक-खटक आवाज येतो.' बातमीदाराला आणखी काय हवं? मी मथळा मनात लिहूनच जिना चढलो. दार वहिनींनी उघडलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, आज पोलीस नाहीत. पेपरवाले दिसतात." म्हणजे पोलीस आधीच येऊन, कागद बघून, चहा पिऊन गेले होते.

प्रभाकररावांनी माझ्यापुढे पिस्तुलाचा परवाना ठेवला, काडतुसं भरायची परवानगी ठेवली, क्लबाचं पत्र ठेवलं. मग माझं ओळखपत्र मागितलं. ते मात्र त्यांनी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्या घरात त्या दिवशी संशयित एकच होता, आणि तो मी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती धुवायची, मापात आणायची, तिच्यात पुन्हा स्फोटक पावडर भरायची आणि वर नवी गोळी बसवायची. त्या यंत्राचा दांडा खाली-वर होतो, तोच तो खटक-खटक. मी विचारलं, "बाजारात तयार मिळत नाहीत का?"

"मिळतात की. पण दुसऱ्याने भरलेल्या."

या उत्तरात अख्खा माणूस आला. देवळालीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये त्यांनी आयुष्यभर मापं तपासली, आणि निवृत्त झाल्यावर छंद म्हणून पुन्हा मापंच तपासली. वजनाच्या एका काट्यावर भरवसा नाही, म्हणून दोन काटे. दोन्ही काट्यांनी एकच आकडा दाखवला की दोघांकडे रोखून बघायचे आणि म्हणायचे, "संगनमत दिसतंय." मी संस्कृत शिकलेला माणूस. न्यायशास्त्रात संशयाला मानाचं पान आहे, संशय नाही तर विचाराला आरंभच नाही, असं आमचे गुरुजी सांगत. गुरुजींनी ते शिकवलं. प्रभाकरराव ते रोज दुपारी दोन ते पाच आचरत होते.

त्यांचे नियम दोन. देवळालीला तोफांचा सराव असला की लाल निशाण लागतं. तसा पावडर भरताना त्यांच्या खोलीच्या कडीला वहिनींच्या जुन्या साडीचा लाल तुकडा अडकवलेला असे. म्हणजे आत यायचं नाही, बोलायचं नाही. वहिनीसुद्धा हाक मारत नसत. आणि दुसरा नियम: भरताना मन कुठेही अडखळलं, तर एक पुंगळी नाही, ओळींनी मांडलेल्या पन्नास पुंगळ्यांचा अख्खा ट्रे रिकामा करायचा. पहिल्यापासून सुरुवात.

मृणाल, तू त्यांच्याकडे शिकायला नवीन होतीस तेव्हा मी तिथेच बसलो होतो. पोस्टातली नोकरी आटोपून धापा टाकत यायचीस. तू विचारलंस, "सर, एवढं काय? पन्नासात एक चुकली तर?"

"एकीत दोनदा पावडर पडली, तर पिस्तूल हातात फुटेल. एकीत पडलीच नाही, तर गोळी नळीत अडकेल आणि तू मागून दुसरी झाडशील. बोटं किती आहेत तुला?"

"दहा, सर."

"तेवढीच घेऊन घरी जायचं."

आता त्या मंगळवारबद्दल सांगतो. ते गेले गुरुवारी सकाळी, फिरायला गेले असताना. त्याच्या दोन दिवस आधीची ही दुपार; हीच पन्नास काडतुसं ते भरत होते.

त्या निनावी फोनवाल्याचा शोध हा आम्हा दोघांचा अकरा वर्षांचा करमणुकीचा विषय होता. सोसायटीतल्या प्रत्येकावर आम्ही आळीपाळीने संशय घेतलाय. आज आलेल्या प्रत्येकावर. क्षमा असावी. आणि त्या मंगळवारी मला ते नाव कळलं. नाव मी सांगणार नाही. ती व्यक्ती या सभेत आहे. कृपया शेजारच्या खुर्चीकडे बघू नका. बघताय.

मी जिने चढून वर गेलो. कडीला लाल तुकडा होता. मला तो दिसला नाही, असं म्हणायची सोय आहे, पण मला तो दिसला. मी दार ढकललं आणि ओरडलो, "प्रभाकरराव, सापडला!"

त्यांचा हात दांड्यावर होता. त्यांनी मान वळवली. रागावले नाहीत. "कोण?" म्हणाले.

मी नाव सांगितलं. ते इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, "त्या माणसाने बरोबरच केलं हो. आपल्या डोक्यावर कुणी गोळ्या भरतोय म्हटल्यावर मीही फोन केला असता. आणि पेपरला नाही, थेट पोलिसांना. पेपरवाल्यांचा काय भरवसा?"

मग त्यांनी ट्रेकडे पाहिलं. हसू ओसरलं. "कुठवर आलो होतो मी?"

मंडळी, इथे गप्प बसणं एवढंच माझं काम होतं. मी गप्प बसलो असतो, तर त्यांनी सवयीप्रमाणे ट्रे रिकामा केला असता. पण मी म्हणालो, "तिसरी ओळ झाली तुमची. मी पाहिलं ना."

मी पाहिलं नव्हतं. मी फोनवाल्याचं नाव सांगण्यात रंगलो होतो. तिसरी ओळ झाली असावी असं मला वाटलं, आणि वाटलेलं मी पाहिलं म्हणून सांगितलं. माझ्या धंद्यात हे होतं. दुसऱ्या दिवशी पान चारवर खुलासा छापतात.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. म्हणाले, "तुम्ही पाहिलंत? मग ठीक." आणि चौथ्या ओळीपासून पुढे सुरू केलं.

दोन काट्यांवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने माझ्या शब्दावर ठेवला. शास्त्रात शब्द हेही प्रमाण मानलंय, पण तो आप्ताचा शब्द असला तर. ज्याने स्वतः जाणलंय आणि जो खरं सांगतो, तो आप्त. त्या दुपारी मी यातलं काहीच नव्हतो. नुसता मित्र होतो.

वहिनी, परवा तुम्ही मला म्हणालात, "भावजी, तुम्ही आलात त्या दुपारी ते पोटभर हसले, बरं झालं." मी मान डोलावली. उरलेलं सांगायची छाती झाली नाही. आज सांगतोय, तेही सगळ्यांसमोर, कारण तुम्हाला एकटीला सांगितलं असतं तर तुम्ही मला चहा देऊन माफ केलं असतं.

काय म्हणालीस, मृणाल? मोठ्याने म्हण. सरांनी नंतर टॉर्च मारून प्रत्येक पुंगळीत पाहिलंच असेल? पाहिलं असेलही. नेहमी पाहायचे. पण माझ्यादेखत पाहिलं नाही, कारण टॉर्च माझ्या हातात होती आणि मी तिच्याशी चाळा करत फोनवाल्याचा किस्सा दुसऱ्यांदा सांगत होतो. मी निघालो तेव्हा गोळ्या बसवणं चाललं होतं. 'असेलही' या एका शब्दावर मी तुझा हात ठेवू देणार नाही.

डबा क्लबाच्या कपाटात कुलूपबंद आहे, रीतसर जमा झालाय. माझी मागणी एवढीच, की तो झाडू नये. प्रशिक्षकांनी एकेक काडतूस उघडून रिकामं करावं. सरांच्या हातचं शेवटचं काम मोडायचं, हे मलाही सोपं वाटत नाही. पन्नासच्या पन्नास बरोबर निघाली, तर मी मूर्ख ठरेन. त्याची मला सवय आहे. एक जरी चुकीचं निघालं, तर चूक त्यांची नाही. तिथे माझं नाव घ्या.

मृणाल, नुसती मान हलवू नकोस. रडायचं असेल तर रड, पण मला ऐकू येईल असं सांग. उघडणार ना?

मी थांबतो.

बरं. ऐकलं. वहिनी, तुम्हीही ऐकलंत.

प्रभाकरराव, नमस्कार करतो. क्षमा मागत नाही. तुम्ही ती तपासून बघितल्याशिवाय दिली नसती.

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं. घड्याळ मृणालने पाहावं. मोजणीच्या बाबतीत आज माझ्यावर कुणी विसंबू नये.